पार्किंगमधली चूल

आमच्या घरमालकिणीला बेल वाजवता येत नसे. म्हणजे बेल कुठे आहे हे त्यांना नीट ठाऊक होतं, ती त्यांनीच बसवून घेतली होती. पण स्वतःच्या मालकीच्या घरात शिरताना माणसाने बेल कशाला वाजवायची, हे काही त्यांना पटत नसे. दार नुसतं लोटलेलं दिसलं की त्या आत. आत आल्या की थेट ओट्याकडे. गॅसवर जे काही असेल त्याचं झाकण उचलायचं, नाक खाली घालायचं, एकदा "हं" करायचं आणि मग हॉलकडे तोंड करून ओरडायचं, "हायस का गो घरात?"

मी घरातच असे. बहुतेक वेळा त्यांच्या शेजारीच, हातात पळी घेऊन उभी असे.

आता मी खांदा कॉलनीत राहते. इथले शेजारी बेल वाजवतात आणि वाजवून जरा मागे सरकून उभे राहतात. फार सभ्य लोक आहेत. तरी कढईवरचं झाकण काढताना माझी मान आधी दाराकडे वळते. माझ्या मानेला अशी सवय लावून ठेवणाऱ्या बाईबद्दल चार शब्द बरे लिहावेत असं ठरवून बसले आहे, पण आठवायला लागलं की आधी तिडीकच येते. असो.

सुकापूरची ती बिल्डिंग मावशींच्या भातशेतावर उभी होती. घरमालकिणीला सगळे मावशीच म्हणत. मी पहिल्या दिवशी 'काकू' म्हटलं तर "काकू ती शालंतली बाई. मना मावशी म्हन," असं सुनावून त्यांनी तो विषय संपवला. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट दिले होते आणि प्रत्येक फ्लॅटमागे पार्किंगची एक जागा. गाडी मात्र घरात एकच, मुलाची, आणि ती दिवसभर त्याच्याबरोबर उरणच्या बंदरावर. मग रिकाम्या जागेचं करायचं काय? मावशींनी तिथे चूल मांडली. विटांची तात्पुरती नव्हे, चांगली मातीची, सारवलेली. मागे लाकडं रचलेली, बाजूला पाटा-वरवंटा, बसायला पाट. भिंतीवर पिवळ्या रंगात पार्किंगचा नंबर होता आणि त्याच्यावर काजळी इतकी चढली होती की तो वाचता येत नसे. आत त्यांच्या फ्लॅटमध्ये सुनेचं चकचकीत किचन होतं, धूर ओढून घेणारी चिमणी होती. "त्या किचनमदी मना कोंडल्यासारखा होतं," असं म्हणून मावशी बाहेर आणि त्यांचा सगळा धूर आमच्या बाल्कनीत. माझे ऑफिसचे कपडे कायम सुकटीच्या वासाचे.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी 'पार्किंगचा वापर कृपया पार्किंगसाठीच करावा' असं हात जोडून लिहीत असे. मावशी ग्रुपवर नव्हत्या. एकदा सेक्रेटरी स्वतः समजावून सांगायला खाली गेले. मावशी तेव्हा बिरडं सोलत बसल्या होत्या. मोड आलेले वाल पाण्यात भिजवून एकेकाची साल काढायची, हे काम संपता संपत नाही, आणि मावशींचा नियम असा की शेजारी येऊन जो थांबेल त्याच्या पुढ्यात एक ओंजळ टाकायची. "बोला ना तुमी, मी आयकतंय. हात चालू द्या." सेक्रेटरी बोलत गेले, सोलत गेले, आणि अर्ध्या तासाने बोटांना वालाचा वास घेऊन वर आले. चुलीचं काय झालं असं विचारल्यावर त्यांनी हात धुवायला जायचं निमित्त काढलं.

मला स्वयंपाक येत नव्हता. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला त्या घरात राहायला जाईपर्यंत वाटलंही नव्हतं. शिक्षण होस्टेलवर, मग नोकरी, मग मेस, मग मोबाईलवरून मागवलेलं खाणं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात मी काम करते. कुठला ट्रक कुठे पोचला, त्यात किती टन माल आहे, तो कधी रिकामा होणार, हे मला विचारा. आमटीत हिंग कधी घालतात हे विचारू नका, असा माझा बाणा होता. आई म्हणायची, "शिकशील गं, अंगावर पडलं की." आणि मग आईच गेली.

बार्शीजवळच्या आमच्या गावी आप्पा एकटे राहिले. वर्षभराने मी त्यांना बघायला गेले तर त्यांचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. कुणी डबा आणून दिला तर खायचे, नाहीतर चिवडा खाऊन झोपायचे. मी त्यांना उचलून पनवेलला आणलं. इथे डबा लावला. आप्पा डबा उघडायचे, दोन घास खायचे, "चांगलं आहे की," म्हणायचे आणि ताट सरकवायचे. दुसरा डबा लावला. तोही चांगला होता. तिसराही. माझ्या बापाइतका सभ्य माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी आयुष्यात कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत आणि त्या महिन्यांत कुणाचा स्वयंपाक खाल्लाही नाही. डॉक्टर म्हणाले, औषध काही नाही, पोटात अन्न जायला हवं. आप्पा म्हणाले, "भूकच नाही बघ." आणि थोड्या दिवसांनी, बाल्कनीत उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आपला गावाकडं जातो. तिथं बरं वाटंल."

तिथे त्यांना चहासुद्धा करून कुणी देणार नव्हतं. तिथे गेले तर हा माणूस मला पुन्हा धड दिसणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. त्या रात्री झोप लागली नाही. इतकी भीती मला आईच्या आजारपणातही वाटली नव्हती, कारण तेव्हा निदान डॉक्टर काहीतरी करत होते. इथे जे करायचं ते मलाच करायचं होतं आणि मला ते येत नव्हतं.

अशा वेळी मावशींनी बिरड्याचा टोप वर पाठवला.

आमच्याकडेही शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी ते धुतलं, त्यात साखर घातली आणि नेऊन दिलं. मावशींनी टोपात बघितलं, मग माझ्याकडे. "साकर? मी काय मुंगी हाय?" पुढच्या वेळी मी फरसाण दिलं. तेही आलं तसं परत. "घरात चूल पेटते ना तुज्या? मंग घरातला घाल." तिसऱ्या वेळी मी हुशारी केली. स्टेशनकडच्या हॉटेलातून मटकीची उसळ आणली, टोपात ओतली, वरून कोथिंबीर पेरली आणि गरम करून नेली. मावशींनी झाकणसुद्धा उघडलं नाही.

"हाटेलचा हाय."

"नाही हो, मीच केली."

"मी इते सकालपासून बसलंय. तुज्या खिडकीतून फोडनीचा वास आला नाय. मंग टोप भरला कसा?"

माझं सैपाकघर बरोबर त्यांच्या चुलीच्या डोक्यावर होतं. मी रागाने म्हणाले की मला येत नाही स्वयंपाक, आणि मला शिकायचाही नाही, आणि माझे वडील आजारी आहेत, आणि तुमचे टोप मेहेरबानी करून पाठवू नका. हे सगळं पार्किंगमध्ये, मोठ्याने. मावशींनी ऐकून घेतलं आणि एक पाट पुढे सरकवला. "बस," म्हणाल्या.

तिथून पुढे माझे जे हाल झाले ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत.

मावशींना शिकवता येत नसे. अजिबात नाही. हे मी आजही ठासून सांगते, कारण त्यांच्या सुनेसकट सगळे म्हणतात की मावशींनी तुला शिकवलं. मीठ किती घालू? "लागंल तवरा." किती वेळ शिजवू? "व्हईल तवर." पाणी किती? "बग ना तू." बघू काय? पाण्यात काय लिहिलेलं असतं? दिवसभर टनांत आणि किलोमीटरमध्ये बोलणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुणी 'लागेल तेवढं' म्हणत असेल तर त्याचं पित्त खवळणार नाही का? मी मोबाईलवर कृती लावून चुलीशेजारी ठेवली तर त्यांनी तो उचलून लाकडांच्या ढिगावर ठेवला. "याला भूक लागते काय? मंग याला काय इचारतंस?" काल सांगितलेलं आज केलं तर शिव्या. आदल्या दिवशी आमसूल आधी घालायला सांगितलं म्हणून मी आधी घातलं, तर कपाळाला हात लावून बसल्या. म्हटलं, "मावशी, काल तुम्हीच सांगितलंत!" तर म्हणाल्या, "काल काल होता. आजचा नारल येगला हाय." आता नारळ वेगळा असला तर आमसुलाने कधी पडायचं, याचा संबंध मला आजतागायत लागलेला नाही.

भाकरीचं तर विचारूच नका. त्यांची तांदळाची भाकरी. पिठाची उकड काढायची आणि ती गरम असतानाच मळायची. मी म्हणायची हात भाजतोय. त्या म्हणायच्या, "भाजू दे. हाताला समजू दे." भाकरी थापताना फाटली की मनगटावर चापट. तव्यावर टाकताना दुमडली की चापट. आणि सगळ्यात जुलमी नियम म्हणजे बिघडलेली भाकरी टाकायची नाही, कुणाला द्यायची नाही, कुत्र्यालासुद्धा नाही. "जिनी केली तिनीच खावाची." पहिले काही दिवस मी माझ्याच हातच्या जाड, कच्च्या, करपलेल्या भाकऱ्या खाऊन ऑफिसला गेले. जबडा दुखायचा. ऑफिसात सगळे पिझ्झा मागवत होते आणि मी पोटात दगड घेऊन ट्रक मोजत होते.

बरं, स्वतःचं कधी काही बिघडलं तर कबुली नाही. एकदा सुकट करपून अख्ख्या बिल्डिंगमध्ये असा वास सुटला की ग्रुपवर नुसती आग लागली. मावशींचं म्हणणं, "वारा फिरला." आमटी खारट झाली तर मी मधे बोलले म्हणून. भात लागला तर खाली स्कूटर सुरू झाली म्हणून. आणि दुसऱ्याच्या पदार्थाला त्यांच्याकडे ठरलेली तीन वाक्यं होती. अगदीच वाईट असेल तर "यो कुनाला घालनार हायस?" मध्यम असेल तर "पोट भरंल." आणि उत्तम असेल तर "खावाला हरकत नाय." याच्या वर काही नाही. जावयाच्या आईने स्वतः केलेल्या पुरणपोळीला त्यांनी "खावाला हरकत नाय" म्हटलं होतं आणि सहा महिने त्या घराशी येणंजाणं बंद होतं.

पण एक गोष्ट मान्य करते. वाट्टेल तेव्हा चुलीवरचं काय झालंय हे त्या पाठ फिरवूनही सांगत, आणि हळूहळू मलाही ते कळायला लागलं. कसं, ते विचारू नका. मलाही सांगता येणार नाही, आणि हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मीही आता 'बघ ना तू' म्हणायच्या वाटेला लागले आहे.

आप्पांना मावशींची भीती वाटे. मावशी जिन्यावरून आवाज द्यायच्या, "भाऊ, जेवलाव काय?" आणि आप्पा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे. पण एकदा दूध आणायला खाली गेले आणि सापडले. त्यांच्या पुढ्यात वालाची ओंजळ पडली. आप्पा शाळेत क्लार्क होते. काम नीटनेटकं करायची जन्माची खोड. त्यांनी साली एकीकडे, डाळिंब्या एकीकडे अशी रांग लावली. मावशींनी दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावणंच पाठवलं. मग ते रोजच खाली जाऊन बसायला लागले. एकाचं बार्शीचं बोलणं, एकीचं आगरी. आप्पा वर येऊन सांगायचे, "बाई काय बोलत्या काय कळत नाही. पण बोलत्या." जरा बरं वाटायचं मला. पण ताटावर बसले की पुन्हा तेच. दोन घास, "चांगलं झालंय की," आणि हात धुवायला.

माझं चुकत कुठे होतं ते मला कळेना. आमसुलाची आमटी करून झाली, गवार, भेंडी, पिठलं. ज्वारीची भाकरी मी घरी चोरून शिकले, तिच्यात मावशींना लुडबूड करता येत नव्हती. येसर आमटीही करून पाहिली. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं हे पीठ, आप्पांनी येताना गावाकडून पुडीत बांधून आणलं होतं. आमच्या भागात कुणाकडे गेलं आणि घरात भाजी नसली तरी येसर असतो. पाण्यात कालवला, लसणाची फोडणी दिली, उकळला की आमटी. आई डोळे मिटून करायची. माझ्या पहिल्या आमटीत गुठळ्या झाल्या, दुसरी कच्ची राहिली. प्रत्येक वेळी ताट वाढून मी आप्पांच्या चेहऱ्याकडे निकाल लागायची वाट बघितल्यासारखी बघत उभी राहायची. ते म्हणायचे, "छान." मी खाली येऊन मावशींपुढे रडायची. त्या म्हणायच्या, "जेवनाऱ्याच्या तोंडाकडं बगत उभी रायलीस त तो कसा जेवंल? टोपाकडं बग." मला त्यांचा गळा दाबावासा वाटायचा.

शेवटी आप्पांनी दुपारच्या गाडीचं तिकीट काढायला लावलं. कळंबोलीहून बार्शीला जाणारी गाडी. मी भांडले, रडले, उपयोग झाला नाही. आप्पा मऊ आवाजात एकच बोलत राहिले, "तुला त्रास नको बाळा." जायच्या दिवशी मी रजा घेतली. आप्पांची बॅग खाली जिन्याजवळ नेऊन ठेवली होती. इतक्यात मावशींच्या सुनेने निरोप आणला, भाऊंना जेवून जायला खाली बोलावलंय, त्यांच्या गावचं जेवण केलंय.

मी थक्क झाले. मावशी आणि आमच्या गावचं जेवण? खाली गेले तर कळलं की आदल्या दिवशी वाल सोलताना त्यांनी आप्पांकडून पुडीतला थोडा येसर मागून घेतला होता, आणि आप्पांच्याने नाही म्हणवलं नव्हतं. मावशींनी मोठ्या आवडीने आमटी केली होती. येसर बेसनासारखं लावायचं पीठ आहे असं त्या समजल्या होत्या. त्यात त्यांनी ओल्या नारळाचं वाटण घातलं होतं. वर आमसूल. वर नारळाचं दूध. चुलीवर पिठल्यासारखं घट्ट, तपकिरी काहीतरी फदफदत होतं. आप्पा पाटावर बसले होते. त्यांनी एक घास खाल्ला, पाण्याच्या घोटाबरोबर तो खाली ढकलला आणि म्हणाले, "छान झालंय की."

मी टोपातून बोटाला लावून चाटलं. आणि माझं डोकंच फिरलं.

कारण मला कळलं. काय चुकलंय ते सगळं, एकामागून एक, जिभेवर कळलं. येसर गार पाण्यात कालवला नव्हता. लसूण कच्चा होता. आमसुलाने भाजक्या पिठाचा वास मारून टाकला होता. नारळाचं तर तिथे कामच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं, मला ठाऊक होतं.

"मावशी," मी म्हणाले, "ही आमटी बिघडली आहे."

सून लाकडं लावत होती, तिचा हात तसाच राहिला.

"काय बोललीस?"

"बिघडली. यो कुनाला घालनार हायस, असं तुम्ही मला म्हणाला असतात. ही माझ्या वडिलांना घालायची नाही."

"त्यांनी छान म्हटलान!"

"ते सगळ्याला छान म्हणतात! मेस, हॉटेल, माझी कच्ची भाकरी, सगळ्याला छान म्हणून हा माणूस उपाशी चाललाय आता गावाला!" मी ओरडले. आप्पांसमोर. एवढे दिवस पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडलं आणि आप्पांनी मान खाली घातली.

मावशींचा चेहरा लाल झाला. "मंग कर तू! कर! बगतंय मी पन."

"सरका बाजूला."

आणि त्या सरकल्या. मी त्यांच्या पाटावर बसले. वरून उरलेली येसराची पुडी आणि ज्वारीचं पीठ आणवलं. टोप घासून घेतला. तेल तापलं, जिरं, लसूण. लसूण लाल होईपर्यंत थांबले. मावशी मागून म्हणाल्या, "करपंल." मी म्हणाले, "नाही करपत." येसर गार पाण्यात कालवून ओतला. मावशींचा हात नारळाच्या वाटीकडे गेला. मी न बघता त्या हातावर चापट मारली. चांगली सणसणीत. सून तोंडाला पदर लावून घरात पळाली. मावशींनी हात मागे घेतला आणि वाटी स्वतःच बाजूला सरकवली. मीठ मी चिमटीने घातलं आणि चाखून पाहिलं नाही. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाला लावली. फुगली. मला तिच्याकडे बघत बसायला वेळ नव्हता, पुढची थापायची होती.

आप्पांचं ताट वाढलं आणि मी वळून तिसऱ्या भाकरीला लागले. त्यांच्याकडे बघितलं नाही. खरंच बघितलं नाही. धुरामुळे डोळ्यांत पाणी होतं म्हणा हवं तर, पण मला त्या वेळी कुणाच्या पसंतीची गरज वाटत नव्हती. आमटी बरोबर झाली होती. कुणी खाल्ली नसती तरी ती बरोबरच राहिली असती.

मागे भाकरी कुस्करल्याचा आवाज आला. मग बराच वेळ फक्त आमटी भुरकल्याचा आवाज. माझे वडील भुरकत नाहीत कधी, चारचौघांत तर नाहीच. मग ते म्हणाले,

"घट्ट झालीय जरा."

मी पोळलेली बोटं तशीच धरून वळले. आप्पांनी ताटातली आमटी संपवली होती. कपाळावर आठी होती. त्यांच्या कपाळावर मी दीड वर्षात आठी पाहिली नव्हती.

"तुझी आई पातळ करायची. भाकरीत मुरली पाहिजे," ते म्हणाले आणि वाटी पुढे केली. "तिखट पण थोडं कमी पडलंय. उद्या जरा पातळ कर."

मावशी उठल्या. जिन्याजवळ ठेवलेली आप्पांची बॅग त्यांनी उचलली, दारातून डोकावणाऱ्या सुनेच्या हातात दिली आणि बोटाने वरचा मजला दाखवला. मग कमरेवर हात ठेवून त्या माझ्यावर खेकसल्या,

"बगतंस काय गो? भाकर संपली त्यांची. वाढ!"